मिरची निघाली तर

तारीख ९ फेब्रुवारी, रविवार, दुपारी सव्वाबारा. रक्कम रुपये पाचशे एक. हजर : मी, माझी बायको आणि माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणतो. स्थळ : नंदुरबारातले आमचे स्वयंपाकघर.

त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली पैज लावली. मी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीदार आहे. तीस वर्षे लोकांच्या जमिनी मोजतो आहे. पैजेसारखी गोष्ट माझ्या स्वभावात नाही. पण आक्काला सुरतेला न्यायचे तर दुसरा रस्ता उरला नव्हता.

आक्का एकसष्ट वर्षांची. ती धानोऱ्याला राहते आणि मिरची कांडायची गिरणी चालवते. भाऊजी गेल्यापासून ती एकटीच चालवते. दोन महिने तिला खोकला होता, आणि तो तिने मोजला नाही, कारण मिरचीच्या गिरणीत खोकला कोण मोजतो? शेवटी माझ्या बायकोने तिला धरून एक्स-रे काढायला लावला. एक्स-रेवरून सिटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात, वरच्या भागात, खोलवर एक गाठ निघाली. चौदा मिलिमीटर. मी घरी येऊन पट्टीवर चौदा मिलिमीटर पाहिले. शेंगदाण्याचा एक चांगला पोसलेला दाणा.

आमच्या डॉक्टरांनी सांगितले, ही गाठ कशाची आहे ते तुकडा काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. बाहेरून बरगड्यांमधून सुई घालावी तर जवळ मोठी रक्तवाहिनी आहे आणि फुप्फुसाला भोक पडून हवा गळायची भीती. तोंडातून घालायची नेहमीची दुर्बीण इतक्या बारीक फांदीपर्यंत पोचत नाही, ती जाड असते. सुरतेला एका दवाखान्यात रोबोट आला आहे. त्याची नळी पेन्सिलीपेक्षा बारीक असते, ती पोचते. खर्च सुमारे एक लाख नव्वद हजार.

आक्काने आकडा ऐकला आणि कढीची वाटी खाली ठेवली.

"तितल्या पैशामा नवं मशीन येस," ती म्हणाली. "मी काय येत नही सुरत-बिरतले. सिझन शे मन्हा."

"आक्का, सीझन दरवर्षी येतो," माझी बायको म्हणाली. ती शाळेत मराठी शिकवते, आणि घरातही पुस्तक वाचल्यासारखी बोलते असे आक्काचे म्हणणे आहे.

"मास्तरीणबाई, तुम्हले काय म्हाईत? मिरचीनी भुकटी शे ती. तीस वरीस मिरची कांडी मी. दुसरं काय निघी तठे?"

"ते तुला कसं कळलं?" मी विचारले.

"तुले कसं कळनं की नही?"

आम्हा तिघांच्याही मनात एकच शब्द होता आणि तो कोणी काढत नव्हते. आक्कानेच पुढे हात केला.

"लाव पाचशे एक. मिरची निघनी तं तू देशी. नही निघनी तं मी देसू."

"पैज लावली तर येशील?"

"पैजना निकाल पाहाले तं येनंच पडी."

मी लगेच कॅलेंडरचे जानेवारीचे पान फाडले आणि मागे लिहिले, 'मिरची निघाली तर भावाने, न निघाली तर आक्काने रु. ५०१ द्यावेत.' खाली तिघांच्या सह्या. बायकोने पान वाचले.

"कशातून निघाली ते लिहिलं नाही तुम्ही."

"समजतंय की."

"आणि मिरची नाही, पण दुसरंच काही..." ती एवढे बोलून थांबली.

मी पान घडी करून डायरीत ठेवले. खरे सांगायचे तर 'गाठ' हा शब्द माझ्या हाताने लिहवेना. आणि दुसरी गोष्ट मला तेव्हाच कळली होती : आक्का हरली तर पाचशे एक माझ्या हातात येणार, आणि ते मला कोणत्याही परिस्थितीत नको होते. पैज लावून मनापासून हरायची इच्छा करणारा मीच असेन.

पहिल्यांदा नुसते दाखवायला आम्ही दोघे गेलो. सकाळची गाडी. नवापूर स्टेशन आले तेव्हा मी आक्काला नेहमीप्रमाणे सांगितले, की हे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, बाकावरून सरकले की राज्य बदलते. तिने नेहमीप्रमाणे सांगितले, "दर खेपे सांगस तू."

डॉक्टर चाळिशीचा, हसरा माणूस. त्याला मराठी येत नव्हते, मला गुजराती येत नाही, म्हणून मी हिंदीत बोललो आणि अडखळलो. आक्का सरळ अहिराणीत बोलली, तो गुजरातीत बोलला, आणि दोघांचे असे जमले की मी मध्ये बोलणे सोडून दिले.

त्याने आक्काचा सिटी स्कॅन संगणकावर लावला. त्या स्कॅनवरून संगणकाने तिच्या श्वासनळ्यांचा नकाशा काढला होता. जाड नळी, तिच्या दोन फांद्या, त्यांच्या आणखी फांद्या, आणि एका बारीक फांदीच्या टोकाजवळ हिरवा ठिपका. तोंडापासून ठिपक्यापर्यंत निळी रेघ आखलेली.

आक्का पुढे वाकली. "हाई तं मिरचीनं झाड शे. उलटं टांगेल."

"बरोबर, बा," डॉक्टर म्हणाला. "अने आ मरचुं." हिरव्या ठिपक्यावर त्याने बोट ठेवले.

आक्काने माझ्याकडे असे पाहिले, की पैज जिंकलीच.

मग तिने चौकशी सुरू केली. गिरणी चालवणाऱ्या बाईला यंत्राचे भय नसते, ती यंत्राची उलटतपासणी घेते.

"तुम्ही चालाडतस का मशीन मनमानी चालस?"

डॉक्टरने सांगितले की रोबोट स्वतः काही करत नाही. त्याच्या समोर एक गोळा आणि एक चाक असते. चाक फिरवले की नळी पुढे जाते, गोळा फिरवला की तिचे टोक वळते. हात सोडला की नळी आहे तिथेच घट्ट थांबते, थरथरत नाही. माणसाचा हात इतका वेळ तसा थांबू शकत नाही, म्हणून यंत्र.

"लाईट गई तं?"

डॉक्टर मनापासून हसला. दवाखान्याचा जनरेटर आहे, यंत्राची बॅटरी आहे, आणि दोन्ही गेले तरी नळी हाताने बाहेर काढता येते.

"मन्ही गिरणीले बॅटरी नही," आक्का मला म्हणाली. यंत्र तिला पसंत पडले होते.

माझा प्रश्न एकच होता. नकाशा काढताना माणूस जागा असतो, श्वास रोखून धरतो. नळी घालताना तो भुलीत असतो, श्वास मशीन देते. मग फुप्फुस नकाशातल्या जागेवर राहते का? मोजणीत आम्हाला हेच भोगावे लागते. कागदावरची हद्द आणि बांधावरची हद्द कधी जुळत नाही.

डॉक्टरने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. "आप क्या करते हैं?"

मी सांगितले. तो म्हणाला, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, थोडा फरक पडतोच. म्हणून नळी गाठीजवळ पोचली की तिथेच टेबलावर पुन्हा स्कॅन काढतात, सुई कुठे आणि गाठ कुठे ते पाहतात, आणि फरक असेल तेवढी नळी वळवतात. मग तुकडा घेतात. म्हणजे फेरमोजणी. माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

तारीख ठरली ७ मार्च, शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी भरती व्हायचे.

बुधवारी दवाखान्यातून एका सिस्टरचा फोन आला. ती हिंदीत भराभर बोलत होती. जुने कागद आणा, आधार कार्ड आणा, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर कळवा, आणि "फ्रायडे को फास्टिंग में रहना है." मी सगळे डायरीत लिहून घेतले. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात अजून तिथे आहे : 'शुक्रवार — आक्काला उपास.'

ही ओळ मी बायकोला वाचून दाखवली. तिने रात्री साबुदाणा भिजत घातला.

गुरुवारी आम्ही निघालो तेव्हा पिशवीत साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे चार आणि शेंगदाण्याचे सहा लाडू होते. गुरुवारी रात्री आक्का दवाखान्याचे जेवण जेवली. शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठली, तोंड धुतले आणि देवाचे नाव घेऊन उपास सुरू केला. मी खाली काउंटरवर सह्या करायला गेलो होतो.

सात वाजता सिस्टर आली. पुढचा संवाद मी दारात उभा राहून ऐकला.

"माजी, फास्टिंग है ना?"

"हां हां, उपास है."

"कुछ खाया तो नहीं?"

"नही वं माय. अन्न को हात नही लगाया."

सिस्टरने कागदावर बरोबरची खूण केली. मीही मनात केली. आक्काला हिरवा झगा घातला, चाकांच्या खाटेवर घेतले, आणि खाट लिफ्टकडे निघाली. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई दारात भेटल्या. त्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारले. पोटात शेवटचे काय गेले आणि किती वाजता?

"सहा बजे," आक्का म्हणाली. "साबुदाना. अन लाडू."

"लाडू?"

"एकच. शेंगदाणाना. मन्ही भावजयनी करेल शेत, चांगला शेत. तुम्हले देऊ का?"

खाट थांबली. डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे पाहिले, सिस्टरने माझ्याकडे पाहिले, मी डायरीकडे पाहिले. मग बाईंनी सावकाश समजावले. भुलीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. फास्टिंग म्हणजे पोट पूर्ण रिकामे. आज होणार नाही.

मी त्यांना उपास म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला, पण त्याची गरज नव्हती. बाई नाशिकच्या निघाल्या. "कळलं हो मला," त्या मराठीत म्हणाल्या आणि तोंडाला मास्क लावून घेतला. मास्कवरचे डोळे हसत होते.

मी बायकोला फोन केला.

"तुम्ही उपास म्हणालात म्हणून मी डबा केला," ती म्हणाली. "उपाशी म्हणाला असतात तर नसता केला. उपास आणि उपाशी यांत एका डब्याचा फरक आहे."

"मला मराठी शिकवू नकोस."

"आता गरज दिसते."

तीस वर्षांत माझ्या मोजणीवर दोनदा अपील झाले आणि दोन्ही वेळा माझे आकडे कायम राहिले. त्या माणसाने एका शब्दात बहिणीचा दिवस वाया घालवला. मी खाटेजवळच्या स्टुलावर बसलो. आक्का परत साडीत होती आणि खिडकीतून रस्ता पाहत होती. गाठ एक दिवस जास्त राहणार, एवढेच माझ्या डोक्यात फिरत होते. चोवीस तासांनी काही बिघडत नाही असे डॉक्टरने दोनदा सांगितले होते, तरी.

"भाऊ," आक्का म्हणाली.

"काय?"

"उपास मोडना का मन्हा, का चालूच शे?"

"मोडला."

"मंग खिचडी काढ. शेजारनी बाईले बी दे."

दुपारपर्यंत त्या मजल्यावर आमचा डबा प्रसिद्ध झाला. सिस्टर स्वतः येऊन एक लाडू घेऊन गेली आणि जाताना माझ्या डायरीत तिने मोठ्या अक्षरात लिहून दिले : 'रात १२ के बाद पानी भी नहीं.' खाली दोन रेघा ओढल्या. जादा दिवसाचे खोलीभाडे पाच हजार दोनशे झाले. बाकी सगळा खर्च आक्का तिच्या पैशातून करत होती, त्यात ती कोणाचे ऐकत नव्हती. हे पाच हजार दोनशे मात्र मी भरले. चूक माझी होती.

शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी दार बंद झाले. दहा पस्तीसला उघडले. पंच्याऐंशी मिनिटे. त्यात मी त्या बोळाची लांबी पावलांनी काढली, रुंदी काढली, फरशा मोजल्या. आठ इंच सोडता सगळे जुळले. ते आठ इंच बांधणाऱ्याने भिंतीत कुठेतरी घालवले असावेत असे वाटले. मग फरशा संपल्या, आणि न काढलेला शब्द पुन्हा समोर येऊन उभा राहिला.

डॉक्टर बाहेर आला तो मला हाक मारतच. "मोजणीदारसाहेब, आइए."

त्याने पडद्यावर चित्र दाखवले. निळ्या रेघेवरून नळी थेट टोकापर्यंत गेली होती. पण टेबलावरच्या स्कॅनमध्ये गाठ नकाशातल्या जागेपासून नऊ मिलिमीटर बाजूला दिसत होती.

"नौ का फरक," तो म्हणाला.

"फिर?"

"फिर घुमाया." दुसऱ्या चित्रात सुईचे टोक गाठीच्या बरोबर मधोमध होते. सात तुकडे घेतले होते. तिथेच एका तज्ज्ञाने काचेवर पाहून, नमुना बरोबर जागेचा आहे असे सांगितले होते. कशाचा आहे, ते चार-पाच दिवसांनी कळणार होते.

मला त्या माणसाशी हात मिळवावासा वाटला, आणि मी मिळवला.

आक्काचा घसा दुखत होता, एकदा थुंकीत थोडे रक्त आले, ते येते असे त्यांनी आधीच सांगितले होते. एक्स-रे काढून हवा गळत नाही ना ते पाहिले. रविवारच्या गाडीने आम्ही परतलो. नवापूरला मी बोललो नाही. आक्काच म्हणाली, "सरक जरा, मले महाराष्ट्रमा येऊ दे."

बुधवारी फोन आला. आक्का आमच्याकडेच होती, ओट्यावर बसून लसूण सोलत होती. डॉक्टरने मला आधी एक वाक्य सांगितले आणि मग बाकीचे. आधीचे वाक्य होते, "कैंसर नहीं है." तो शब्द महिन्याभरात पहिल्यांदा कोणी मोठ्याने काढला, आणि त्याच्यापुढे 'नहीं' लावूनच काढला. मी खुर्चीवर बसलो. बाकीचे मी बायकोला फोन देऊन लिहून घ्यायला सांगितले. माझ्या डायरीवर माझा विश्वास राहिला नव्हता.

गाठ क्षयरोगाची होती. टीबी. तुकड्यांत जंतूच सापडले होते. सहा महिने गोळ्या, रोज, न चुकता. गोळ्या सरकारी, फुकट. घरच्या सगळ्यांनी तपासून घ्यायचे.

"काय निघनं?" आक्काने विचारले.

"टीबी. बरा होतो. गोळ्यांनी बरा होतो, आक्का."

"मिरची नही?"

"नाही."

"जरा बी नही?"

"नाही गं."

तिचे तोंड उतरले. मी डोळे पुसत होतो, माझी बायको देवापुढे साखर ठेवत होती, आणि जिला जीवदान मिळाले ती बाई मिरची निघाली नाही म्हणून हिरमुसली होती. "मंग हारनी मी," ती म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

मी म्हणालो, पैज सोड, तशीही ती पैज नव्हती. ती ऐकेना. "लिखेल शे ना? सह्या शेत ना? आखाजीले देसू."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात. आक्का त्या दिवशी सकाळच्या बसने आली. दीड महिन्याच्या गोळ्या पोटात गेल्या होत्या, वजन दोन किलो तीनशे ग्रॅम वाढले होते, आणि दारात रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालताना ती एकदाही खोकली नाही. ते मी मुद्दाम ऐकत होतो. गिरणीवर आता एक बाई ठेवली होती आणि आक्का तोंडाला फडके बांधून लांब खुर्चीवर बसून तिला सूचना करत होती. मशीनचे पैसे सुरतेला गेले, जुनेच मशीन चालू होते.

सांजोऱ्या तळून झाल्या. जेवणे झाली. आक्काने पिशवीतून रबर लावलेला जाड गठ्ठा काढला. सगळ्या दहाच्या नोटा, गिरणीच्या गल्ल्यातल्या. वर एक रुपयाचे नाणे.

"मोजी ले."

"राहू दे."

"तू न मोजता लेस का कधी?"

नाही, घेत नाही. मी चष्मा लावला आणि नोटा मोजायला घेतल्या. माझी सवय अशी, की दर पाच-सहा नोटांना अंगठा जिभेला लावायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. अंगठा जिभेला. सहा, सात, आठ, नऊ, दहा. अंगठा जिभेला. आणि मग जिभेला आग लागली. घशाला लागली, नाकाला लागली. मी असा खोकत सुटलो की नोटा मांडीवरून खाली पडल्या. बायको पाणी घेऊन धावत आली, तिने नोटा गोळा करायला घेतल्या आणि तीही शिंकू लागली. घरात खोकत नव्हती ती एकटी आक्का.

ती शांतपणे बसली होती. मग तिच्या डोळ्यांत चमक आली.

"भाऊ," ती म्हणाली, "काय निघनं?"

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"मिरची निघनी ना?"

"अगं पण ती... नोटांतून..."

"कागद काढ."

मी डायरीतून जानेवारीचे पान काढले. बायकोने ते हातातून घेतले आणि शाळेत वाचतात तसे मोठ्याने वाचले. "मिरची निघाली तर भावाने, न निघाली तर आक्काने रुपये पाचशे एक द्यावेत." तिने पान उलटून पाहिले, पुन्हा सुलटे केले. "कशातून निघाली ते लिहिलेलं नाही. मी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"म्हणजे तू हिच्या बाजूने?"

"मी साक्षीदार आहे. कागदावर जे आहे ते."

आयुष्यभर मी लोकांना हेच वाक्य ऐकवले आहे, त्यामुळे अपील करायला जागा नव्हती. मी तोंड धुऊन आलो, बसलो, आणि सगळ्या नोटा पुन्हा पहिल्यापासून, कोरड्या अंगठ्याने मोजल्या. बरोबर पन्नास.

शेवटी दिले : रुपये पाचशे एक फक्त, आक्काला. नोटा त्याच.